अंजिराच्या फांदीला पान फुटलं म्हणजे ती रुजली असं नाही

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं काही चुकीचं समजलेलं असेल तर कळेल. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी तुमच्या आत्याबाईंनी सासवडहून अंजिराच्या सात फांद्या आणल्या. तुम्ही सुदामानगरच्या घरी अंगणातलीच काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं मिसळून त्या कुंड्यांत लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरा दिवसांत पाच फांद्यांना हिरवीगार पानं आली, सगळं घर खूश झालं, आणि महिन्याच्या आत त्या पानांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर खालचं टोक काळं, मऊ, आंबूस वासाचं. आता आत्याबाई पुन्हा फांद्या पाठवणार आहेत. काय चुकलं, आणि ‘अंजिराला म्हणे एक माशी लागते, ती इंदुरात नसेल तर फळ धरेल का?’ हे तुमचे दोन प्रश्न.

मी इंदुरात बत्तीस वर्षं रोपं करतो आहे. अंजिराच्या बाबतीत तुम्हाला आलेला अनुभव इथे निम्म्याहून जास्त लोकांना येतो, आणि तो नेमका याच क्रमानं येतो: आधी पानं, मग आनंद, मग सगळंच संपतं. म्हणून या क्रमामागचं कारण आधी समजून घ्या. ते समजलं की बाकीच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

झाडापासून तोडलेली फांदी शिदोरी बांधून निघालेल्या माणसासारखी असते. मागच्या वर्षभरात पानांनी कमावलेलं पिष्ट तिच्या लाकडात साठलेलं असतं, आणि नवं मूळ येईपर्यंत तेवढ्यावरच तिला निभवायचं असतं. डोळा, म्हणजे फांदीवरचा मिटलेला कोंब, आणि मूळ दोन्ही याच शिदोरीवर वाढतात. पण डोळा आधीच तयार असतो, त्याला फक्त उलगडायचं असतं; मूळ मात्र शून्यापासून घडवावं लागतं. त्यामुळे हवा तापली की डोळा पुढे पळतो. तुमच्या कुंडीतली पहिली पानं अशीच आली. जमिनीतून त्यांना काहीही मिळत नव्हतं. वर पानं झाली की त्यांतून पाणी उडू लागतं, ते भरून काढायला खाली मूळ नाही, आणि शिदोरी तर संपत आलेली. पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो. काळ्या मातीत ते पाणी हवेची जागा घेतं, आणि टोक कुजतं.

मातीचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण माळव्यात सगळं तिथेच अडतं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. फुगल्यावर तिच्यातली बारीक पोकळी मिटते. गहू, हरभरा, सोयाबीन यांची मुळं हे सोसतात, पण अजून मूळच न फुटलेल्या, दोन्ही बाजूंनी ताजी जखम असलेल्या फांदीला ते सोसत नाही. मूळ फुटायला श्वास लागतो, म्हणजे ऑक्सिजन लागतो. त्यात तुम्ही शेणखत घातलंत. ते कुजताना स्वतःच ऑक्सिजन खातं आणि बुरशीला खाद्य देतं. मूळ नसलेल्या फांदीला खताचा काडीचाही उपयोग नाही. जेवायला तोंडच नाही तिथे ताट वाढून काय करायचं?

म्हणून पहिले दोन महिने ना काळी माती, ना खत. नर्मदेची जाडी रेती आणा, दोन-तीन पाण्यांनी धुवून गाळ काढून टाका, आणि तेवढाच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. कोकोपीटही आधी भिजवून, पिळून, पुन्हा धुवून घ्या, कारण त्यात खार असतो. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं तर एखाद-दुसरा थेंबच गळावा. धार लागली तर पसरून वाळवा.

आता वेळ. मार्चअखेर फार उशीर झाला होता. तेव्हा इथे दुपारी पारा ३५ च्या पुढे असतो, म्हणजे डोळ्यांना पळायला पूर्ण मोकळीक. माझा नेम संक्रांतीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत संपतो. या दिवसांत माळव्यात रात्री थंड असतात, झाडानं पानं गाळलेली असतात, शिदोरी लाकडात भरलेली असते आणि डोळे झोपलेले असतात. फेब्रुवारीत दिवस हळूहळू तापतो, कुंडीचं बूड कोमट होतं आणि मुळांना आघाडी मिळते. रात्री फार गारठा असेल तर कुंड्या घरात घ्या. माझ्याकडे पूर्वी जागा नव्हती तेव्हा मी त्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवायचो. तिथे बुडाला मंद ऊब मिळते आणि ती या कामाला पुरते.

आत्याबाईंना काय सांगायचं? सासवड म्हणजे पुरंदरचा पट्टा, तिथल्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा वाण उत्तमच असणार. पण तिकडचे बागायतदार ‘मीठा बहार’ म्हणजे उन्हाळ्याकडे येणारं गोड पीक धरण्यासाठी पावसाळा सरता सरता छाटणी करतात, त्यामुळे जानेवारीत बागेतल्या झाडांवर कोवळा पाला आणि फळं असतात. अशा फांदीची शिदोरी फळांत गेलेली असते. त्यापेक्षा परसातल्या, न छाटलेल्या, थंडीत पानं गाळून उभ्या असलेल्या झाडाची फांदी मागा. मागच्या पावसाळ्यात वाढलेली, साल राखाडी-तपकिरी झालेली, पेन्सिलीपेक्षा जाड आणि अंगठ्याएवढी किंवा जरा कमी. डोळे जवळजवळ असलेली. हिरवा, लुसलुशीत शेंडा नको, आणि बुडातून सरळसोट वर गेलेला, लांब पेरांचा फुटवाही नको. एक गोष्ट त्यांना आवर्जून पाहायला सांगा: उन्हाळ्या-पावसाळ्यात त्या झाडाच्या पानांवर पिवळट, चित्रविचित्र डाग आणि वेडेवाकडे आकार दिसत होते का? दिसत असतील तर ते झाड सोडून द्यायचं. तो विषाणूचा रोग फांदीबरोबर येतो आणि जन्मभर राहतो. उलट जमिनीतल्या सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, नुसत्या फांदीबरोबर येत नाहीत, त्या येतात मातीसकट आणलेल्या रोपाबरोबर. म्हणून रोपापेक्षा फांदी आणणं मला नेहमीच जास्त बरं वाटतं.

तुकडे २० ते २५ सेंटीमीटरचे, चार-पाच डोळे असलेले. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा सरळ, वरचा काप डोळ्याच्या वर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सोडून तिरका. यामुळे बूड कुठलं, शेंडा कुठला हे प्रवासातही कळतं. उलटी लावलेली फांदी मी लोकांच्या कुंडीत बऱ्याचदा पाहिली आहे. पानं असतील तर काढून टाकायची, तुकडे किंचित ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आले की काहीही बिघडत नाही. लगेच लावायला जमत नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन आठवडे आरामात राहतात.

चिकाला मात्र जपा. कापल्यावर येणारा पांढरा चीक कातडीला लागून त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. एका मे महिन्यात मी उघड्या हातांनी दिवसभर छाटणी केली आणि दोन्ही हातांवरचे तपकिरी चट्टे पुढे कित्येक आठवडे गेले नाहीत. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा, चीक पुसून घ्या आणि काप तासभर सावलीत सुकू द्या.

मूळ फुटवायची पावडर लावावी का, असं सगळेच विचारतात. असेल तर बुडाला हलकीशी लावा, जादा झटकून टाका. नसेल तर अडत नाही. अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं. वडाची ओली मेढ कुंपणाला रोवली तर पावसाळ्यात ती पानावते, हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं; रुजण्याची ती ओढ अंजिरातही आहे. माणसानं ती फार पूर्वी ओळखली असावी. पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोजवळ गिलगाल इथे ११,००० वर्षांहून जुनी, बियांत गर्भ नसलेली अंजिरं सापडली आहेत. अशा झाडाची पैदास माणूस फांदी लावूनच करत असणार, असा तर्क त्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडला. सगळ्यांना तो मान्य नाही, पण फांदी रोवताना मला त्याची आठवण होते.

कुंडीऐवजी या वेळी दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्या वापरा, हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. वरचा भाग कापून बाजूला ठेवा, बुडाला सात-आठ आणि बाजूंनी खालच्या बाजूला काही भोकं पाडा. मिश्रण भरा, काठीनं आधी भोक करून फांदी आत घाला (थेट खुपसली तर बुडाची साल सोलते), दोन-तृतीयांश फांदी आत आणि एक-दोन डोळे बाहेर. एकदा भरपूर पाणी घालून निथळू द्या. बाटलीभोवती वर्तमानपत्र गुंडाळा, कारण मुळांना अंधार हवा. कापलेला वरचा भाग टोपीसारखा वर ठेवा, बाटलीचं झाकण काढलेलं असू द्या. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. पूर्वेकडची गॅलरी उत्तम.

यानंतरचे पाच-सहा आठवडे काही न करण्याचे आहेत, आणि तेच सर्वांत अवघड जातं. पाणी घड्याळ बघून घालायचं नाही. बाटली उचलून बघायची. पाणी घातल्यावर ती किती जड होती हे हाताला लक्षात राहतं. ती स्पष्ट हलकी लागली आणि वरचा इंचभर थर कोरडा झाला तरच अर्धा पेला पाणी. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्यातून एकदाही पुष्कळ होतं. फांदी हलवून ‘धरली का’ हे पाहायचं नाही, कारण पहिली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात आणि एका धक्क्यात तुटतात. पाहायचं असेल तर कागद उलगडा आणि प्लास्टिकमधून बघा. आधी सालीवर पांढरे, तांदळाच्या कणीसारखे फुगवटे येतील, मग पांढरे दोरे. पान आधी आलं तर येऊ द्या, पण तीनपेक्षा जास्त होऊ देऊ नका. आणि कधीकधी अशा फांदीवर वाटाण्याएवढं अंजीरही धरतं. सगळं घर ते कौतुकानं बघायला येईल, तरी त्याच दिवशी चिमटून टाका. ती शिदोरी मुळांची आहे.

मुळं पांढरी दिसली की लगेच बाटलीतून काढायचं नाही. ती बाटलीच्या भिंतीपर्यंत येऊन, फाटे फोडून, जराशी तपकिरी होईपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे थांबा. मधल्या काळात टोपी रोज थोडी जास्त वेळ काढत आठ-दहा दिवसांत पूर्ण काढून टाका. एकदम काढली तर पान एका दुपारी वाळतं. मग दहा इंची कुंडी. आता खत चालेल: दोन भाग माती, एक भाग रेती किंवा बारीक मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं खत. एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली ठेवा, लू लागू देऊ नका.

खताबद्दल बोलतोच आहे तर एक आठवण करून देतो, कारण इंदूरकरांनाच ती कमी असते. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट आपल्या गावचं आहे. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ते बसवलं आणि त्यांच्याबरोबर काम करणारे, त्यावर लिहिणारे यशवंत वाड होते. आज तिथे शेतकी महाविद्यालय आहे. काडीकचरा, त्यावर शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि थोडी राख असे थर, आणि तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ. उलथापालथ हवेसाठी. दाबून ठेवलेला ढीग सडतो, श्वास घेणारा ढीग खत होतो. तुमच्या काळ्या पडलेल्या फांदीचं आणि या ढिगाचं गणित एकच आहे. घरी एका कोपऱ्यात सुकी पानं, स्वयंपाकघरातली सालं आणि थोडं शेण घेऊन हे सहज जमतं, आणि अंजिराला त्यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

जमिनीत कधी लावायचं? पुष्कळ जण पहिल्या पावसाला लावा म्हणतात. मी आपल्या काळ्या मातीत तसं करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाणी दिवसेंदिवस साचून राहतं आणि कोवळं रोप बुडतं. पावसाळा कुंडीतच, पागोळ्यांपासून दूर काढा आणि नवरात्र झालं की लावा. दोन फूट खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरायची ही नेहमीची शिकवण इथे चालत नाही. चिकण मातीतला असा खड्डा पावसाळ्यात हौद होतो, भोवतालचं पाणी त्यातच उतरतं. त्यापेक्षा जमीन जराशी खरवडून तिच्यावर दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद उंचवटा करा. माती, मुरूम, कंपोस्ट यांचा. रोप त्याच्या माथ्यावर. घराच्या पायापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दहा फूट तरी लांब. जिथे वर्षानुवर्षं वांगी, टोमॅटो, भेंडी लावली असेल ती जागा टाळा, कारण तिथे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी असतात आणि अंजीर त्यांना पटकन बळी पडतं. दुसरी जागाच नसेल तर मातीत निंबोळी पेंड मिसळा आणि भोवती झेंडू लावा. उंबराच्या खुंटावर अंजिराचं कलम करण्याचा मार्गही आहे. उंबराची मुळं या किडीला दाद देत नाहीत.

आता माशीचं. ‘उंबराचं फूल’ आपण कधीच न दिसणाऱ्या गोष्टीला म्हणतो. फूल नसतं असं नाही, ते फळाच्या पोटात असतं. अंजिराचंही तसंच. आपण खातो तो गर म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ. काही जातींत त्या फुलांपर्यंत एक चिमुकली गांधीलमाशी परागकण नेते तेव्हाच फळ टिकतं. स्मर्ना जातीचं तसं आहे. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात स्मर्नाच्या फांद्या नेऊन लावल्या, झाडं जोमदार झाली, पण फळं गळत राहिली; १८९९ मध्ये ती माशी तिथे वसवली तेव्हा कुठे फळ धरलं. आपलं पुण्याकडचं अंजीर या गटातलं नाही. ते माशीशिवाय, परागाशिवाय फळ पोसतं. दिनकर, डायना याही तशाच जाती. तेव्हा इंदुरात माशी नाही ही काळजी मनातून काढून टाका. इथल्या उंबरात दिसतात त्या माश्या उंबराच्याच, त्यांचा अंजिराशी संबंध नाही. बाजारातल्या सुक्या अंजिराचं बी पेरून बघण्याचा मोह मात्र टाळा. ती फळं बहुतेक स्मर्नासारख्या जातींची असतात, बियांतून उगवणारी साधारण निम्मी झाडं खाण्याजोगं फळ न देणारी निघतात, आणि उरलेल्यांना ती माशी लागते. फांदीतून मात्र आत्याबाईंचं झाड जसंच्या तसं मिळतं.

फळ दुसऱ्या वर्षापासून घ्या. पहिल्या वर्षी आलेलं काढून टाका. दर थंडीत जानेवारीच्या सुमारास फांद्या थोड्या मागे छाटा, कारण मुख्य पीक नव्या फुटीवर येतं. ऑगस्टमध्ये पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटी दिसेल, तो तांबेरा. पानं गळतील, घाबरू नका. ती गोळा करून घरापासून दूर टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको, आणि पावसाच्या उघडिपीत १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा. खोडाजवळ लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आहे. भोक शोधून तार घालून अळी मारा. बुलबुल आणि कोकीळ पिकलेलं फळ तुमच्या आधी हेरतात, म्हणून फळ मोठं होऊ लागताच जाळी टाका. आणि कच्चं तोडू नका. आंब्यासारखी अढी अंजिराला चालत नाही, ते तोडल्यावर पिकत नाही. मान झुकली, अंग मऊ झालं, सालीवर बारीक चिरा पडल्या की तो दिवस.

सात फांद्या आल्या तर सातही लावा. नीट काळजी घेऊन चार-पाच रुजतात, अंगणात एक पुरतं, बाकीची शेजारी द्या. आणि या थंडीत काही कारणानं फांद्या पोचल्याच नाहीत तर पुढच्या थंडीपर्यंत थांबायची गरज नाही. जुलैत आत्याबाईंना त्याच झाडावर गुटी बांधायला सांगा: अंगठ्याएवढ्या फांदीवर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढायची, भोवती ओलं, पिळलेलं शेवाळ (रोपवाटिकेत ‘मॉस’ म्हणून मिळतं ते) लावून प्लास्टिकनं दोन्हीकडून घट्ट बांधायचं. यात फांदी आईपासून तुटलेली नसते, शिदोरी संपण्याचा प्रश्नच येत नाही. पाच-सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतील. ती तपकिरी झाली की गाठीच्या खाली कापून, शेवाळासकट ओल्या कापडात बांधून पाठवायची, आणि इथे आल्यावर निम्मी पानं काढून थेट रेतीमिश्रित कुंडीत, आठ दिवस पूर्ण सावलीत.